स्पेसर, तुटलेले स्टड आणि नामंजूर क्लेम

प्रश्न : मी कराडचा. माझ्या चार बाय चार गाडीला मूळचे २४५/७५ आर १६ टायर होते. ऑफरोडिंगसाठी २६५/७५ आर १६ टाकले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायचा, म्हणून टायरवाल्याने चारही चाकांना १५ मिलिमीटरचे स्पेसर (चाक आणि हब, म्हणजे चाक जिथे बसतं तो मधला भाग, यांच्यामध्ये घालायचे तुकडे) बसवून दिले. कासहून उतरताना यवतेश्वर घाटात पुढच्या उजव्या चाकाचे स्टड (चाक धरून ठेवणारे बोल्ट) तुटले, चाक निखळलं आणि गाडी समोरच्या मोटारसायकलवर गेली. त्या मुलाचा पाय मोडला. पोलिसांत गुन्हा नोंद आहे. 'अनधिकृत बदल' असं कारण देऊन विमा कंपनीने माझ्या गाडीचा क्लेम नाकारला. मित्र म्हणतात, जुनी चाकं लाव आणि कोर्टात स्पेसरचं नावच काढू नकोस. काय करू?

उत्तर : मित्रांचा सल्ला कानाआड करा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने फोटो काढलेत आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालातही स्पेसर येणारच. आता चाकं बदललीत तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर लागेल. उलट तुटलेले स्टड, नट आणि चारही स्पेसर जसेच्या तसे राहिले पाहिजेत. गाडी गॅरेजमध्ये असेल तर आजच लेखी कळवा की यातला एकही तुकडा भंगारात जाता कामा नये. तुमची सगळी केस त्या तुकड्यांवर उभी आहे.

का, ते सांगतो. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. तुमचा नवा टायर २० मिलिमीटरने जास्त रुंद, म्हणजे १० मिलिमीटर आत सरकला, शिवाय व्यासानेही ३० मिलिमीटर मोठा. स्पेसरने अख्खं चाक १५ मिलिमीटर बाहेर ढकललं, घासणं थांबलं. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्पेसर नुसती चकती आहे, स्वतःचे स्टड असलेला नाही. अशी चकती मूळ स्टडचीच १५ मिलिमीटर लांबी खाते. नट निदान स्टडच्या जाडीइतका आत बसावा, हा मेकॅनिक लोकांचा साधा हिशेब : १२ मिलिमीटरचा स्टड आणि दीड मिलिमीटरची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असेल तर आठ फेरे. तुमच्या नटांना किती फेरे उरले होते? तीन-चारच असतील, तर टायरवाल्याला हात झटकता येणार नाहीत. कमी ऑफसेटची, म्हणजे चाक मुळातच बाहेर ठेवणारी, रिम बसवली असती, तर हा मधला जोडच आला नसता. कायद्याच्या दृष्टीने तीही स्वच्छ नव्हती, पण ते वेगळं.

कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२. आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप बदलणारा रचनेतला फेरफार, असं म्हटलंय, आणि खाजगी गाडीच्या आरसीवर टायरची साईज छापलेली नसते. त्यामुळे युक्तिवादाला जागा आहे. पण गाडीतल्या बदलांबाबतच्या के. जयचंद्र प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. कलम १८२अ(४) प्रमाणे प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडावर निभावत असेल तर भरून मोकळे व्हा, इथे ताकद घालवू नका.

त्या मुलाच्या भरपाईची फार धास्ती घेऊ नका. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाईल आणि थर्ड पार्टी विमा लागू राहील. कंपनीचे बचाव त्याच अधिनियमाच्या कलम १५० मध्ये मोजून दिलेत, त्यांत 'गाडीत बदल' हा नाही. मात्र 'महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली' हा आहे. म्हणून एक तारीख तपासा : स्पेसर आधी बसले की पॉलिसीचं नूतनीकरण आधी झालं?

आता तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. इथे बहुतेक लोक चुकतात. विमा कंपनीला सांगतात, 'स्पेसरचा अपघाताशी संबंध नाही', आणि टायरवाल्याला नोटीस धाडतात, 'तुझ्या स्पेसरमुळे अपघात झाला'. दोन्ही कागद एकाच टेबलावर आले की दोन्ही दावे पडतात. स्टड तुटलेत, तेव्हा पहिली भूमिका तुम्हाला झेपणारी नाही. म्हणून कंपनीकडे पूर्ण रक्कम मागायची नाही. काम व्यावसायिकाकडून करून घेतलं, अटीचा भंग जाणूनबुजून केला नाही, म्हणून 'नॉन-स्टँडर्ड' तत्त्वावर (अट मोडली तरी क्लेम पूर्ण न नाकारता काही भाग देणं) ७५ टक्क्यांपर्यंत द्या, असं म्हणायचं. याला अमलेंदू साहू (२०१०) या निकालाचा आधार आहे. खरं सांगतो, तिथला भंग गाडी भाड्याने देण्याचा होता, तुमच्यासारखा थेट अपघाताला कारण ठरणारा नव्हता, त्यामुळे ७५ मिळतीलच असं धरून चालू नका. टायरचे पैसे पूर्ण येणारच नाहीत, पॉलिसी त्यांचे ५० टक्केच देते. कंपनीने नकाराच्या पत्रात जे कारण लिहिलंय तेवढंच तिला पुढे मांडता येतं, नवं काढता येत नाही. ते पत्र आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत जपा.

उरलेलं टायरवाल्याकडून. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं चालतं. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचं, प्रमाणपत्र लागतं. 'गिऱ्हाइकानेच मागितलं' असं तो म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही घासणं बंद करायला सांगितलं होतं, स्टड आखूड ठेवायला नव्हे. सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. पुण्याच्या विमा लोकपालांकडे एका वर्षात फुकट जाता येतं, पण ते टायरवाल्याला बोलावू शकत नाहीत आणि त्याच वादावर दोन्ही दारं एकदम ठोठावता येत नाहीत. मी आयोगच निवडेन.

फौजदारी बाजू : भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं), जामीनपात्र. जबाबात तुम्ही वेग ताशी ४० सांगितलाय. मोठ्या टायरमुळे मीटर कमी दाखवतो; मूळ टायरवर तो अचूक होता असं धरलं तरी खरा वेग साडेएक्केचाळीसच्या आसपास येतो. फरक किरकोळ, पण उलटतपासणीत विचारला जाईल, तेव्हा वकिलाला आधी सांगून ठेवा. आणि वकिलाकडे जाताना पॉलिसीची पूर्ण प्रत न्या, नुसतं पहिलं पान नको.