वाचकांचे प्रश्न : काळ्या रानाचा मोसम

प्रश्न : आम्ही बदलीमुळे कोकणातून सोलापुरात आलो. लक्ष्मी मंडईत कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची बाराही महिने दिसते. यांतले इथल्या मोसमाचे कोणते, हे ओळखायचे कसे? (एक गृहिणी, जुळे सोलापूर)

उत्तर : कोकणातला अंदाज इथे चालत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमधला असतो. भारी काळी जमीन ते पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर ज्वारी, हरभरा, करडई ही रब्बीची पिके वर येतात. त्यामुळे पावसाळा संपला की भाज्यांचा मोसम ओसरतो असे इथे होत नाही. जिरायती रानातले खाणे दिवाळीनंतर भरात येते आणि महाशिवरात्रीपर्यंत टिकते. काटे धरण्याआधीची कोवळी करडई, हरभऱ्याचे खुडलेले शेंडे, चाकवत, ज्वारीच्या रानात आपोआप उगवणारी पाथरी, तुरीच्या ओल्या शेंगा, मग हुरडा, हरभऱ्याचा डहाळा आणि बोरे, असा हा क्रम साधारण ठरलेला आहे. पावसाळ्यात खुरपणीत निघणारे घोळ आणि तांदुळजा खावे. एरवी ते तण म्हणून बांधावर टाकले जाते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या गाळ्यावर पंधरा-वीस भाज्या एकसारख्या रचलेल्या असतात, तो माल अनेक ठिकाणांहून आलेला असतो. सकाळी लवकर रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसणाऱ्या बाईपाशी मात्र दोन-तीनच जिन्नस असतात, जुड्या लहानमोठ्या असतात आणि मुळांना काळी माती चिकटलेली असते. “मावशी, रान कुठलं?” एवढे विचारले तरी बहुधा गावाचे नाव मिळते आणि भाजी कशी करायची तेही मिळते. मात्र एक भेद करावा. ठिबकावर, शेडनेटमध्ये पिकलेली ढोबळी मिरची सोलापूर जिल्ह्यातली असू शकते. ती इथली आहे, पण मोसमी नव्हे. ती घेऊ नये असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याचा रोजचा पैसा तिच्यावरच येतो. मात्र करडईची जुडी समोर असताना ढोबळी मिरची घरी नेणे मला पटत नाही.

मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, ओळखीच्या कोणी रानात जेवायला बोलावले तर अवश्य जावे. त्या दिवशीची भज्जी म्हणजे या मोसमाचा सारांशच असतो. हरभरा, तूर, वाल यांचे ओले दाणे, शेंगदाणे आणि रानात मिळेल ती भाजी एकत्र शिजवून तिला चिंच-गुळाची चव आणि बेसनाचा दाटपणा देतात; सोबत बाजरीचे उंडे आणि आंबील असते.

प्रश्न : हरभऱ्याची भाजी सासूबाई धूत नसत, धुतली की चव जाते म्हणत. आता बाजारची भाजी न धुता करावी का? (एक वाचक, विजापूर रस्ता)

उत्तर : आपल्या सासूबाईंचे निरीक्षण बरोबर होते. हरभऱ्याच्या पाल्यावर बारीक लव असते आणि तिच्यातून आम्ल पाझरते. रानात पहाटे चालताना धोतराला वा लुगड्याला जी आंब लागते ती हीच. पाण्याने ती बरीचशी निघून जाते. घरच्या रानातली भाजी न धुता शिजवण्याची रीत त्यामुळेच पडली. विकत घेतलेली भाजी कुठून, किती हातांतून आली हे ठाऊक नसते, म्हणून ती धुवावीच. पण चिरण्याआधी, भरपूर पाण्यात एकदाच बुचकळून लगेच निथळावी, भिजत ठेवू नये. गेलेला आंबटपणा चमचाभर चिंचेच्या कोळाने किंवा आंबट ताकाने भरून काढता येतो.

करण्याची इकडची पद्धत गरगट्याची आहे. पाला बारीक चिरून मूठभर तूरडाळ आणि थोडे शेंगदाणे घालून मऊ शिजवावा, मग रवीने किंवा पळीने घोटावा. घोटतानाच ज्वारीचे चमचाभर पीठ भुरभुरत घातले की भाजी मिळून येते. पीठ एकदम टाकल्यास गुठळ्या होतात. मीठ शेवटी, चव पाहून घालावे. वरून तेलात भरपूर ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची खमंग परतून ओतावी, आणि लसूण तांबूस होताच गॅस बंद करावा, कारण करपलेल्या लसणाचा कडवटपणा या भाजीत लपत नाही. भाजी जास्त मिळाली तर सावलीत वाळवून डब्यात भरावी. उन्हाळ्यात रान मोकळे पडते आणि पालेभाज्या महागतात, तेव्हा ही वाळलेली भाजी आणि शेंगाची चटणी यांवर जेवण निभते.

प्रश्न : मंगळवेढ्याची ज्वारी मुद्दाम आणली, तरी भाकरी थापताना चिरते. ज्वारीत फसगत झाली असेल का? (एक वाचक, होटगी रस्ता)

उत्तर : फसगतीची शक्यता नाकारता येत नाही; मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ते नाव पुष्कळ पोत्यांवर दिसते. मालदांडी या तिथल्या ज्वारीच्या वाणाचा दाणा मोत्यासारखा, टपोरा आणि चकचकीत असतो, एवढे पाहून घ्यावे. (मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही रब्बीत मोठ्या प्रमाणावर पेरला जातो.) परंतु भाकरी चिरते तेव्हा दोष बहुतेक वेळा दाण्याचा नसून पिठाचा असतो. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे भाकरी जोडून ठेवणारा चिकटपणा, लवकर जाते. गव्हाप्रमाणे महिन्याचे दळण एकदम आणू नये. आठवड्याला पुरेल इतकेच दळावे. विरी गेलेले पीठ हाताशी असेलच, तर उकळत्या पाण्यात भिजवून, झाकून, कोमट झाल्यावर तळहाताच्या मुळाने जोर लावून मळावे. दोन भाकऱ्यांपुरताच उंडा मळावा; सगळे पीठ एकदम मळून ठेवल्यास शेवटची भाकरी चिरणारच.

प्रश्न : फ्लॅटमध्ये हुरडा करता येईल का? (एक विद्यार्थी)

उत्तर : आगटीतल्या गोवऱ्यांचा धुरकट वास घरात येणार नाही, एवढे मान्य करून करता येईल. दाणा दाबल्यावर दुधासारखा रस न येता मऊ चीक निघावा, तेव्हा कणीस योग्य असते. निवडलेला हुरडा विकत मिळतो. तो त्याच दिवशी लोखंडी तव्यावर मिठाच्या पाण्याचा हबका मारून मंद आचेवर परतावा. सोबत शेंगाची चटणी, दही, गूळ.

प्रश्न : डाळिंब वर्षभर मिळते. मग त्याचा मोसम कोणता? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : आपण सांगोल्याचे असून विचारता, म्हणजे बागायतदार नसावेत. डाळिंबाचे झाड वर्षातून अनेकदा फुलू शकते. पाणी तोडून झाडाला ताण दिला आणि नंतर पाणी सोडले की ते फुलते. त्यानुसार आंबिया, मृग आणि हस्त असे तीन बहार धरले जातात आणि बागायतदार पाणी व बाजारभाव पाहून त्यांतला एक निवडतो. आंबियाचे फळ साधारणपणे पावसाळ्यात, मृगाचे हिवाळ्यात आणि हस्ताचे उन्हाळ्याच्या तोंडावर येते. तेव्हा महिना पाहण्यापेक्षा फळ पाहावे : ते हातात जड लागावे, आणि पूर्ण गोल न राहता बाजूंनी किंचित चपटे, कंगोरेदार झालेले असावे.