कोकणातल्या एखाद्या छोट्या बेटाचं निसर्गजीवन जाणून घ्यायचं असेल, तर कुठून सुरुवात करावी?

माझं उत्तर: वेंगुर्ला रॉक्स. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभे असलेले हे खडक आणि त्यावरचं दीपगृह. लांबून ओसाड वाटतात, पण इथल्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हा पक्षी लाळेनं घरटं चिकटवतो आणि मिट्ट काळोखात टकटक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतो. वटवाघळाची ही युक्ती फार थोड्या पक्ष्यांना जमते! याच घरट्यांची सूप बनवण्यासाठी तस्करी झाली, हे फार वाईट झालं. इथे सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांचीही वीण होते. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी १९४२ मध्ये या दोन्ही पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिला. तो आधी वाचा.

पावसाळ्यात होडी नेऊ नका. बाकी दिवसांत वनखात्याला विचारून, स्थानिक मच्छीमारासोबत जा आणि होडीतूनच दुर्बिणीनं बघा. गुहेत शिरू नका, बॅटरीचा झोत तर मुळीच टाकू नका. बिचकलेली पाकोळी उडाली की अंडी खाली पडू शकतात.