नवीन घरात राहायला जाण्याआधी आतल्या हवेची तपासणी करावी का? रंग झालाय, फर्निचर यायचंय, घरात लहान बाळ आहे. बिल्डर म्हणतो, उद्याच तपासून घ्या.

तपासणी जरूर करा, पण उद्या नको. मी हवेचे नमुने घेण्याचं काम करतो. रिकाम्या, खिडक्या सताड उघड्या असलेल्या खोलीत आकडे चांगलेच येतात. पुढे कपाटं बसतात, दारं-खिडक्या बंद होतात आणि डोळे चुरचुरायला लागतात. तोवर अहवाल फाइलमध्ये गेलेला असतो.

खरी काळजी फॉर्मल्डिहाइडची. फर्निचरसाठी वापरले जाणारे, लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेले पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ ज्या युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनने चिकटवतात, त्यातून हा वायू सुटतो. रंगाचा वास काही आठवड्यांत उतरतो, पण हा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं झिरपत राहतो. उकाडा आणि दमटपणा वाढला की जास्तच. त्यामुळे वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली, असं कृपया धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं.

म्हणून आधी फर्निचर बसू द्या. घर नीट हवेशीर करा, मग दारं-खिडक्या बंद करून किमान आठ तास, म्हणजे रात्रभर, तसंच ठेवा आणि सकाळी नमुना घ्यायला सांगा. यांत्रिक वायुवीजन (यंत्राने हवा खेळवण्याची सोय) असेल तर ते रोजच्यासारखंच चालू राहू दे. नमुना बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, पंपाने, डीएनपीएच कार्ट्रिजमध्ये (फॉर्मल्डिहाइड पकडून ठेवणाऱ्या रसायनाच्या छोट्या नळीत) घेतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. बाळ झोपणार ती खोली आधी.

हातात धरायच्या स्वस्त मीटरवर विसंबू नका. त्यातले बरेच सेन्सर अत्तरालाही तितकेच चेकाळतात. कार्बन डायऑक्साइडचा मीटर रिकाम्या घरात काहीच सांगत नाही, कारण तो वायू माणसांच्या श्वासातून येतो.

फॉर्मल्डिहाइडसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ३० मिनिटांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. 'लीड' या हरित इमारतींच्या मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीतली २७ पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत २७ भाग), म्हणजे घनमीटरमागे सुमारे ३३ मायक्रोग्रॅम. बाळ असताना मी ही लीडची कडक मर्यादाच धरेन.

आकडा जास्त आला तर बाहेरची हवा आत खेळवणं हाच पहिला उपाय, आणि तो भरपूर करावा लागतो. लीडमध्ये जमिनीच्या दर चौरस फुटामागे १४,००० घनफूट हवा मोजतात. दर चौरस फुटाला मिनिटाला एक घनफूट या दराने जवळपास दहा दिवस. बोर्डाच्या उघड्या कडा आणि भोकं सील करून घ्या, वायू तिथूनच जास्त सुटतो. मग पुन्हा तपासा.

आणि अहवालावर त्या वेळचं तापमान, आर्द्रता आणि खिडक्या किती तास बंद होत्या हे लिहिलेलं नसेल, तर तो स्वीकारू नका.