भूक, हार्मोन आणि शरीरातलं घड्याळ: संशोधनाकडे वळण्याआधी

नमस्कार,

तुमची मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय जीवरसायनशास्त्र. भुकेची हार्मोन्स आणि शरीराचं जैविक घड्याळ यांवर तिला संशोधन करायचं आहे. गणित तिने केव्हाच सोडलंय, आणि त्यापेक्षा ती आहारतज्ज्ञ झाली तर बरं, असं तुम्हाला वाटतं.

आहारतज्ज्ञ होणं ही संशोधनाची सोपी पायरी नव्हे. तो रुग्णासमोर बसून करायचा पेशा आहे आणि त्याचं प्रशिक्षणही वेगळं असतं. लोकांशी बोलण्यात तिचा जीव रमत असेल तर तिने जरूर तिकडे जावं. पण ठरलेल्या वेळी भूक का लागते, या प्रश्नाने तिला पछाडलं असेल, तर त्या कामाच्या धबडग्यात तो तसाच राहून जाईल.

आता गणिताचं. भूक शमवणाऱ्या लेप्टिन या हार्मोनचं जनुक 1994 मध्ये सापडलं, भूक चाळवणाऱ्या ग्रेलिनचा शोध 1999 मध्ये लागला. हे सगळं आठवड्याभरात वाचून होतं. या क्षेत्रात घाम निघतो तो वेळेचा हिशेब मांडताना. समजा, एखाद्या हार्मोनची पातळी 24 तासांत एकदा चढते आणि एकदा उतरते. सकाळी 8 आणि रात्री 8 असे दोनच नमुने घेतले आणि दोन्ही वेळी पातळी नेमकी मधोमध असली, तर आकडे सारखे येतील आणि चढउतार नाहीच असा निष्कर्ष निघेल. म्हणून निदान दर चार तासांनी, जमल्यास सलग 48 तास नमुने घेतात. मग त्यांवर कोसाइन वक्र, म्हणजे ठरावीक काळाने चढणारी-उतरणारी लाट, बसवून सरासरी पातळी, चढाची उंची आणि शिखराची वेळ काढतात. त्यासाठी शाळेतली त्रिकोणमिती, रिग्रेशन (आकड्यांवर असा वक्र बसवण्याची संख्याशास्त्रीय पद्धत) आणि आर किंवा पायथॉन यांपैकी एक संगणकभाषा एवढं यावं लागतं. रोज तासभर दिला तर सहा महिन्यांत कामापुरतं जमेल. टाळलं मात्र, तर आयुष्यभर आपल्याच आकड्यांचा अर्थ दुसऱ्याला विचारावा लागेल.

प्रयोगशाळेतलं काम कसं नाजूक असतं, याचं उदाहरण ग्रेलिनचंच घ्या. त्याच्या सक्रिय रूपाला मेदाम्लाची एक शेपटी जोडलेली असते आणि रक्त काढल्याबरोबर ती तुटायला लागते. त्यामुळे ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत विकररोधक, म्हणजे ही शेपटी तोडणाऱ्या एन्झाइमांना थांबवणारं रसायन, घालून ठेवावं लागतं, नळी लगेच बर्फात जाते, सेंट्रीफ्यूज या थंड ठेवलेल्या यंत्रात ती गरगर फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेगळा करतात, त्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात आणि उणे 80 अंशांवर ठेवतात. दिवसाची माणसं हे चटकन करत असतील आणि रात्रीच्या पाळीत नळ्या वीस मिनिटं टेबलावर पडून राहत असतील, तर सक्रिय ग्रेलिन रात्री घटतं असा सुंदर आलेख मिळेल. तो घड्याळाचा नसून हलगर्जीपणाचा असेल. रात्री दोनचा नमुना दुपारी दोनच्या नमुन्याइतक्याच निगुतीने हाताळणारा माणूस इथे टिकतो. उंदरांवर काम असेल तर अंधारात मंद लाल दिव्याखाली वावरायचं; क्षणभर पांढरा दिवा लागला तरी त्यांचं घड्याळ सरकू शकतं.

तिची खरी आवड जोखायला एक गोष्ट आजच सुरू करता येईल. चौदा दिवस तिने झोपेची, उठण्याची आणि प्रत्येक खाण्याची वेळ लिहावी. जागेपणी दर दोन तासांनी 100 मिलिमीटरच्या रेघेवर भुकेची खूण करावी, डावं टोक म्हणजे भूक अजिबात नाही, उजवं म्हणजे असह्य. उपास करू नये, जेवणाच्या वेळा मुद्दाम बदलू नयेत. खूण त्या त्या वेळीच करावी. रात्री आठवून भरलेल्या नोंदी फार नीटनेटक्या दिसतात आणि तिथेच फसतात.

आलेख काढल्यावर जेवणाच्या आधी भूक चढलेली दिसेल. ती घड्याळामुळे, सवयीमुळे की पोट रिकामं म्हणून, हे तिला त्यातून सांगता येणार नाही. ही अडचण तिला स्वतःहून जाणवली तर मी म्हणेन, मुलगी योग्य वाटेवर आहे. ती सोडवण्यासाठी संशोधक स्वयंसेवकांना मंद प्रकाशात ठेवून त्यांचा दिवस 20 किंवा 28 तासांचा करतात. आतलं घड्याळ साधारण 24 तासांवरच चालत राहतं, त्यामुळे जेवण-झोप हळूहळू त्याच्या प्रत्येक वेळेवर येऊन जाते आणि घड्याळाचे आणि जेवण-झोपेचे परिणाम वेगळे काढता येतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात भूक आतल्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त आढळली. रात्रभर उपाशी राहूनही सकाळी खावंसं का वाटत नाही, हे त्यावरून कळतं.

पुढच्या शिक्षणासाठी संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक पाहावा. प्रयोगशाळेत माणसांवर काम चालतं की उंदरांवर, नमुने किती तासांच्या अंतराने घेतात, रात्रीचे नमुने कोण घेतं, विश्लेषण विद्यार्थी स्वतः करतात का, हे तिने सरळ विचारावं. पीएचडीला चार ते सहा वर्षं जातात आणि त्यानंतर प्राध्यापकीच मिळेल असं नाही. औषध कंपन्या, झोपविकारांवरचं संशोधन आणि जैवसांख्यिकी इथेही ही माणसं लागतात. तिथेही गणितच उपयोगी पडतं.

प्रकल्पासाठी मार्गदर्शकांना पत्र लिहील तेव्हा त्यात गुणपत्रिकेबरोबर तो चौदा दिवसांचा आलेख जोडावा, आणि त्यातून काय सिद्ध होत नाही हे खाली दोन ओळींत लिहावं.