शर्यत पाहायला जाताना : शुक्रवार सोडू नये

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनला असतो. जुलैमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत आणि जवळच्या सिल्व्हरस्टोन सर्किटवर होणाऱ्या ब्रिटिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीची तिकिटे काढावीत असा त्याचा आग्रह आहे. मी फॉर्म्युला वन टीव्हीवर नेमाने पाहतो. सौभाग्यवतींना त्यात फारसा रस नाही. तीन दिवसांची तिकिटे महाग पडतात, म्हणून केवळ रविवारी जावे असे मनात आहे. ते योग्य ठरेल का? आणि जागा कोठे घ्यावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी एक साधा हिशेब मांडतो. सिल्व्हरस्टोनचा एक फेरा 5.891 किलोमीटरचा असून शर्यत 52 फेऱ्यांची असते. एका जागी बसलेल्या प्रेक्षकाला एखादी गाडी प्रत्येक फेऱ्यात सरासरी पाच सेकंद दिसते असे धरले, तर दीड तासाच्या शर्यतीत आपल्या आवडत्या चालकाचे दर्शन त्याला एकूण सव्वाचार मिनिटांच्या आसपास घडते. बाकीचा वेळ समोरच्या मोठ्या पडद्याकडे पाहण्यात जातो आणि तो पडदा आपल्या घरच्या टीव्हीपेक्षा बराच लांब असतो. कोण कोणामागे आहे, कोणी टायर केव्हा बदलले, हे सारे घरी बसून अधिक नीट कळते. त्यामुळे केवळ निकालासाठी जायचे असेल तर एवढा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टीव्हीवर जे मुळीच दिसत नाही त्यासाठी मात्र जरूर जावे, आणि त्याकरिता शुक्रवार हा सर्वांत चांगला दिवस आहे. नेहमीच्या वेळापत्रकात शुक्रवारी एकेका तासाची दोन सराव सत्रे होतात, शनिवारी तिसरे सत्र व पात्रता फेरी (शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणारी) होते आणि रविवारी शर्यत. ज्या वर्षी स्प्रिंट, म्हणजे शनिवारची सुमारे शंभर किलोमीटरची छोटी शर्यत असते, त्या वर्षी शुक्रवारी एकच सराव सत्र होऊन लगेच स्प्रिंटची पात्रता फेरी घेतली जाते (स्प्रिंटचा पहिला प्रयोग 2021 मध्ये याच सिल्व्हरस्टोनवर झाला होता). काहीही असले तरी शुक्रवारी गर्दी त्यातल्या त्यात कमी असते, गाड्या एकामागोमाग एक सुट्या सुट्या येतात आणि आपल्याला एका वळणावरून दुसऱ्या वळणावर चालत जाऊन प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे उभे राहता येते. सर्वसाधारण प्रवेशाच्या तिकिटावर मातीच्या उतारांवर कोठेही उभे राहण्याची मुभा असते. शुक्रवारी कोणत्या ग्रँडस्टँडमध्ये बसू देतात, हे मात्र तिकिटाच्या अटींत पाहून घ्यावे.

आपण शुक्रवारी सर्वप्रथम मॅगॉट्स आणि बेकेट्स या वळणांपाशी जावे. डावे, उजवे, पुन्हा डावे अशी वळणे एकाला एक लागून आहेत आणि गाड्या तेथून तासाला दोनशे किलोमीटरहून कितीतरी अधिक वेगाने जातात. टीव्हीचा कॅमेरा लांबून भिंग लावून चित्र घेतो, त्यामुळे तो वेग सपाट होऊन जातो. प्रत्यक्षात मात्र गाडीचे नाक एका बाजूला वळले न वळले तोच ती दुसरीकडे झेपावलेली असते, आणि आपली मान वळेपर्यंत ती पुढच्या हँगर स्ट्रेट या सरळ रस्त्यावर पोहोचलेलीही असते. त्याच जागी पाच-सहा चालक एकापाठोपाठ पाहिले की कोण निर्धास्त आहे, कोणाच्या गाडीची मागची चाके घसरत आहेत आणि कोण दर फेऱ्यात ॲक्सिलरेटर किंचित उचलतो आहे, हे आवाजावरूनच ओळखू येऊ लागते. माझ्या लेखी हा अर्धा तास संपूर्ण रविवारपेक्षा मोलाचा आहे. मी स्वतः पहिल्या खेपेस सरळ रस्त्यासमोरची महागडी जागा घेतली आणि तीन दिवस रंगीत पट्टे डावीकडून उजवीकडे सरकताना पाहून परतलो. ती चूक आपण करू नये.

रविवारसाठी बसण्याची जागा सौभाग्यवतींचा विचार करून निवडावी. ब्रुकलँड्स आणि लफील्ड या वळणांसमोरचे स्टँड मला त्या दृष्टीने सोयीचे वाटतात. वेलिंग्टन स्ट्रेटवरून वेगात आलेल्या गाड्या ब्रुकलँड्सला जोरात ब्रेक लावतात, तेथे एकमेकांना मागे टाकण्याचे प्रयत्न होतात आणि पुढे लफील्डच्या लांब, संथ वळणात गाड्या बराच वेळ नजरेसमोर राहतात. ज्यांना संघ आणि चालक ठाऊक नाहीत त्यांनाही हेल्मेटचे रंग ओळखून कोणाची तरी बाजू घेता येते, आणि बाजू घेतली की रस आपोआप येतो. सर्किटचे धावते समालोचन एफएमवर ऐकता येते. इअरफोन लागणारा छोटा रेडिओ जवळ ठेवला तर आपणच त्यांचे समालोचक होण्याची वेळ येणार नाही.

आता हवामानाविषयी. ही जागा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील हवाई दलाचा तळ. वेलिंग्टन हे तेथून उडणाऱ्या बॉम्बर विमानांचे नाव आहे आणि हँगर स्ट्रेटचे नावही त्याच काळाची खूण सांगते. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची पहिली शर्यत 13 मे 1950 रोजी येथेच झाली आणि अल्फा रोमिओच्या जुझेप्पे फारिना यांनी ती जिंकली. जुना विमानतळ असल्यामुळे सारा परिसर सपाट आणि उघडा आहे, आडोसा असा नाही. जुलैतही वारा अंगाला झोंबतो आणि तासाभराने ऊन चटके देते. छत्रीमुळे मागच्यांना दिसत नाही, म्हणून रेनकोट न्यावा. आपल्याकडे पन्हाळ्याला पावसाळ्यात जाताना जे बूट घालाल तेच येथेही घालावेत.

चिखलाची गोष्ट मी उगाच काढत नाही. 2012 मध्ये शुक्रवारच्या पावसाने वाहनतळाच्या शेतांत इतका चिखल झाला की सार्वजनिक पार्किंगचे तिकीट असलेल्यांनी शनिवारी येऊच नये, अशी विनंती आयोजकांना करावी लागली. अलीकडच्या वर्षांत सर्व दिवस मिळून उपस्थिती पाच लाखांच्या घरात गेली आहे. मुलगा नॉर्दॅम्प्टनलाच राहतो, तेव्हा मोटार घरी ठेवून तेथून सुटणाऱ्या बसने जावे. शर्यतीनंतर लगेच बाहेर पडण्याची घाई करू नये. ट्रॅक सुरक्षित झाल्यावर प्रेक्षकांना त्यावर सोडतात. जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा निवांत फेरफटका मारावा. वळणाच्या बाहेरच्या कडेला टायरमधून सुटलेल्या रबराचे काळे, चिकट तुकडे पसरलेले असतात. कोरड्या दिवशीही चालकाने त्या भागात चाक घातले की गाडी का घसरते, हे तेव्हा बुटाच्या तळव्याला कळते.

आपण कोल्हापूरचे, म्हणून एक जोड देतो. आपल्या गावच्या कृष्णराज महाडिक यांनी ब्रिटिश फॉर्म्युला 3 या तरुण चालकांच्या मालिकेत गाडी चालवली आहे. 2021 पासून त्या मालिकेचे नाव जीबी3 झाले असून तिच्या शर्यती सिल्व्हरस्टोनवरही होतात. ग्रां प्रीचे तिकीट खरोखरच परवडत नसेल, तर अशा लहान मालिकेच्या दिवसाला त्या मानाने फारच थोड्या पैशांत जाता येते, आणि वळणे तीच असतात.

प्रश्न : याच शर्यतीला आम्ही सहा वर्षांच्या नातवाला नेणार आहोत. आवाजाचा त्रास होईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : 2014 पासून 1.6 लिटरची टर्बो हायब्रिड इंजिने आल्यावर आवाज पूर्वीच्या व्ही 8 आणि व्ही 10 इंजिनांच्या मानाने बराच उतरला आहे. तरीही तो तासन्‌तास कानावर आदळतो, आणि त्याच दिवशी होणाऱ्या फॉर्म्युला 2 व 3 या खालच्या गटांतील शर्यतींचा आवाजही असतोच. कानात घालायचे बोळे मुले काढून टाकतात, म्हणून डोक्यावरून बसणारे, कान झाकणारे लहान मापाचे मफ इथूनच घेऊन जावेत आणि घरी मिक्सर सुरू असताना ते घालण्याची दोन-तीनदा सवय करून घ्यावी.