कंपनीच्या पत्रात ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलंय का?

प्रश्न: मी पुण्यात एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 24 लाख, बेसिक महिना 1 लाख, नोकरीला साडेचार वर्षं झाली. कंपनी आता म्हणते, राजीनामा द्या आणि कन्सल्टंट म्हणून राहा, महिना अडीच लाख देऊ. एचआर सांगते की टॅक्सही निम्म्यावर येईल. पुढच्या वर्षी फ्लॅट घ्यायचाही विचार आहे. काय करू?

उत्तर: टॅक्सबद्दल एचआर खरं सांगतेय. मात्र सगळं सांगत नाहीये.

2025-26 साठी आयटी व्यावसायिकांना आयकर कायद्याचं कलम 44एडीए वापरता येतं. वर्षाच्या जमेतला निम्मा भाग नफा म्हणून दाखवायचा, वह्या ठेवायची कटकट नाही. तुमच्या 30 लाखांवर उत्पन्न धरलं जाईल 15 लाख. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत त्यावर सेससकट कर होतो 1,09,200 रुपये. आज पगारावर तुमचे साधारण 2 लाख 40 हजार जात असतील. कंपनी मात्र दरमहा 10 टक्के टीडीएस कापेल, म्हणजे वर्षाला 3 लाख. जास्तीचे 1,90,800 रिफंड होऊन येतील, पण रिटर्न भरल्यावर. तोवर घर सव्वादोन लाखांतच चालवायचंय, हे धरून चाला.

आता खरी मेख. सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची, आणि दर 18 टक्के. कंपनीने दिलेल्या पत्रात ‘दरमहा 2,50,000, जीएसटी वेगळा’ असं असेल तर तुम्ही 2,95,000 चं बिल काढाल आणि वरचे 45,000 सरकारला भराल. तुमच्या खिशाला तोशीस नाही. कंपनीला बहुतेक वेळा त्याचं क्रेडिटही मिळतं, म्हणजे तिच्या स्वतःच्या जीएसटीतून तो वजा करता येतो. पण ‘सर्व करांसह 2,50,000’ असं असेल, तर त्यातले 38,136 रुपये जीएसटीचे आणि तुमची फी उरते 2,11,864. वर्षाचा फरक 4 लाख 57 हजारांवर. टॅक्समध्ये वाचलेलं सगळं यात गेलं, वर पदरचं घालावं लागलं! शिवाय कंपनीने पैसे थकवले तरी बिल काढलं की जीएसटी वेळेवर भरावाच लागतो.

तुमची साडेचार वर्षं बघून मला जास्त हळहळ वाटली. पाच वर्षं पुरी झाली की 1 लाख बेसिकवर ग्रॅच्युइटी बसते सुमारे 2 लाख 88 हजार, तीही करमुक्त. सहा महिन्यांसाठी ती सोडू नका. पीएफही काढू नका. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो.

करार नीट वाचा. नऊ ते सहा हजेरी, रजेसाठी साहेबांची परवानगी, दुसरीकडे काम करायला बंदी, असं सगळं असेल तर तो कागद नावापुरताच कन्सल्टंटचा. आयकर खातं उद्या याला पगारच म्हणू शकतं, आणि मग 44एडीएचा आधार उरत नाही.

फ्लॅटचं म्हणाल तर बँका स्वतंत्र व्यावसायिकाकडे साधारण दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. तुमच्या रिटर्नमध्ये दिसणार 15 लाख, 30 नव्हे. कर्ज त्या हिशेबाने बसेल.

मी तुमच्या जागी असतो तर एचआरला ईमेल टाकला असता: बदल सहा महिन्यांनी, जीएसटी वेगळा, आणि रक्कम 2 लाख 75 हजार. भरपगारी रजा जाते, ग्रुप मेडिक्लेम जातो, कंपनीचा पीएफमधला वाटा जातो. एवढं मागणं गैर नाही. अडीचवर अडून बसले तरी पहिल्या दोन अटींवर हो म्हणा. जीएसटी वेगळा लिहून द्यायला तयार नसतील, तर आहात तिथेच राहा.