चित्रकाराला एकटे राहावेच लागते का?

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये एकटे राहून चित्रे काढत, तेव्हा ठाण्यात एकत्र कुटुंबात राहणाऱ्या होतकरू चित्रकारानेही वेगळी खोली घ्यावी का, असे आपण विचारले आहे. आमच्या नौपाड्याच्या घरात या विषयावरून अबोला झालेला असल्यामुळे मला गप्प राहवत नाही.

गायतोंड्यांचा दाखला देणारे त्यांची मुंबईतील वर्षे विसरतात. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातील शिक्षण पूर्ण केल्यावर ते प्रोग्रेसिव्ह गटाच्या, म्हणजे मुंबईतील नव्या वळणाच्या चित्रकारांत वावरले आणि पुढे भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करत असताना आजूबाजूला नाटकवाले, गाणारे, वाजवणारे यांची वर्दळ होती. दिल्ली सत्तरच्या दशकात आली, म्हणजे दृष्टी आणि हात घडून गेल्यावर.

माझे म्हणाल तर मी जलरंगात काम करतो. पावसाळ्यात येऊरच्या डोंगराचे मोठे चित्र करताना आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, नुकताच टाकला होता आणि नेमकी त्याच वेळी दादाने साखरपुड्याला निघण्यासाठी दारावर थाप मारली. मी दार उघडले नाही. ओल्या कागदावर रंग पसरत असताना चित्रकार दोन मिनिटे जरी उठला, तरी अर्धवट सुकलेल्या भागाला कडा धरते आणि नंतर कितीही पाणी फिरवले तरी ती पुरती जात नाही. हॉलवर मी उशिरा पोहोचलो आणि तेव्हापासून नातेवाइकांत माणूसघाणा ठरलो. त्या चित्रातील आकाश मात्र आजही स्वच्छ आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पुढे मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत खोली भाड्याने घेतली. तिथे दार वाजवणारे कोणी नव्हते. पण दुपार कलली की हात चालेनासा होई, मग मी बस पकडून तलावपाळीवर जाई आणि बाकांवर टेकलेल्या अनोळखी माणसांची रेखाटने करत बसे. मला माणसे हवीच होती, फक्त वेळेचा हिशेब मागणारी नको होती. करार संपल्यावर मी नौपाड्याला परतलो आणि पहिल्याच दिवशी खोलीला आतून कडी बसवून घेतली.

तेव्हा आपणही आधी कडी बसवावी, खोलीचे नंतर पाहावे. नोकरी मुळीच सोडू नये, कारण भाड्याची चिंता डोक्यात असली की रिकाम्या घरातही एकांत मिळत नाही. अर्थात घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल, तर माझे म्हणणे बाजूला ठेवावे.

राहता राहिला दादा. बंद दार हा घरच्यांचा अपमान आहे, असे तो अजूनही म्हणतो. तो स्वतः बँकेत कॅशियर होता आणि नोटा मोजताना कोणी हाक मारली, तर मान वर न करता हातानेच थांबायला सांगत असे. तेव्हा त्याला कोणी माणूसघाणा म्हटल्याचे मला आठवत नाही.